नस उघडली तरी पंपिंग कमी का, आणि अँटीऑक्सिडंट गोळ्या द्याव्यात का

मडगावच्या ताईंनी विचारलंय की बाबांना अटॅक आला, स्टेंट टाकून नस उघडली तरी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग कमीच, डॉक्टर ऑक्सिडेटिव्ह डॅमेज म्हणाले, तर अँटीऑक्सिडंट गोळ्या सुरू करू का.

ताई, मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्री शिकवते, पण हे कळलं की तुमची काळजी थोडी कमी होईल म्हणून सविस्तर लिहितेय. रक्त बंद असताना हृदयाच्या पेशीत सक्सिनेट (अन्न जाळताना मधे तयार होणारा पदार्थ) साठत जातं. नस उघडून ऑक्सिजन आला की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, ते भराभर जाळतात आणि पहिल्या काही मिनिटांतच सुपरऑक्साइडचा, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रूपाचा, लोंढा सुटतो. पावसात लाईट जाते आणि परत येताना हाय व्होल्टेजनं फ्रीज जातो ना, तसंच. म्हणून नस उघडायचीच नाही असं नाही हं, नाही उघडली तर तो भाग मरतोच.

आता हा मार, म्हणजेच डॉक्टरांचं ऑक्सिडेटिव्ह डॅमेज, प्रोटीनवर बसतो, पण सगळा सारखा नसतो. प्रोटीनच्या सिस्टीन या अमिनो ॲसिडमधल्या गंधकाला ग्लुटाथायोन नावाचं पेशीतलं छोटं संयुग चिकटलं तर ग्लुटारेडॉक्सिन नावाचं एन्झाइम ते सोडवतं, प्रोटीन परत कामाला लागतं. पण लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन या अमिनो ॲसिडांवर कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा गट) बसलं की ते काढायची सोय पेशीकडे नाही, आख्खं प्रोटीन प्रोटिअसोमनं, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन तोडणाऱ्या यंत्रानं, तोडायचं आणि नवीन बनवायचं, आणि वाईट म्हणजे इस्केमियात, म्हणजे रक्त बंद असताना, प्रोटिअसोमच ऑक्सिडाइज होऊन मंदावतो. ॲक्टिन, ट्रोपोमायोसिन ही आकुंचनाची प्रोटीनं, कॅल्शियम ओढून घेणारा सर्का पंप, सगळ्यांनाच झळ लागते, त्यामुळे पेशी जिवंत असूनही जोर लावत नाही. याला स्टनिंग म्हणतात, ते काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत ओसरतं. मेलेल्या पेशींच्या जागी मात्र व्रणच राहतो.

गोळ्यांचं म्हणाल तर लोंढा पहिल्या मिनिटांतला आणि गोळी आता, जमणार कसं? 2000 साली आलेल्या होप ट्रायलमधे 9,500 हून जास्त लोक होते, निम्म्यांना साधारण साडेचार वर्षं रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई दिलं, अटॅक काही कमी झाले नाहीत.

अँटीऑक्सिडंटसाठी सोलकढी द्यायची तर खुशाल द्या, मीठ बेताचं घाला, पण तिच्या भरवशावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, स्टेंटमधे गुठळी होऊ शकते. आणि पुढचा इको कधी ते डॉक्टरांना विचारा, सहा आठवडे ते तीन महिन्यांनी सहसा करतात, आत्ताच्या आकड्यात स्टनिंगही धरलेलं आहे.