१७०० च्या सुमारास व्हर्जिनियात आलेल्या फ्रेंच पूर्वजाचे मूळ गाव कसे शोधावे?

आपल्या यजमानांच्या घराण्याचा मूळ पुरुष १७०० च्या सुमारास फ्रान्सहून व्हर्जिनियात आला, एवढेच घरात ठाऊक आहे आणि त्याचे फ्रान्समधील गाव काही केल्या सापडत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या सुनेच्या माहेरची कथा जवळजवळ हीच होती आणि निवृत्तीनंतरची दोन वर्षे मी त्या शोधात घालवली, म्हणून हे उत्तर.

त्या सुमारास तिकडे आलेला फ्रेंच माणूस बहुधा ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, असतो; तेव्हा तो फ्रान्समधून निघाल्याची नोंद शोधत बसू नका. चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारी नांतची राजाज्ञा रद्द केली, तेव्हा प्रॉटेस्टंट धर्मगुरूंना पंधरा दिवसांत देश सोडण्यास सांगितले. सामान्य प्रॉटेस्टंटांना मात्र देशाबाहेर जाण्याचीच बंदी केली. पकडलेल्या पुरुषाला राजाच्या गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा होत असे. असा माणूस चोरून निघतो. त्याचे नाव प्रवाशांच्या यादीत कुठून येणार? मी सुरुवातीचे सहा महिने ला रोशेल या फ्रेंच बंदराच्या दप्तरांत केवळ आडनाव जुळते का हे पाहण्यात दवडले, आणि हाती आली ती त्याच आडनावाची तीन कुटुंबे, ज्यांचा आमच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून सुरुवात व्हर्जिनियातून करावी. जुलै १७०० मध्ये ‘मेरी अँड अ‍ॅन’ हे जहाज ह्यूगेनॉट निर्वासितांना घेऊन आले, त्यामागोमाग आणखी जहाजे आली, आणि जेम्स नदीच्या दक्षिण तीरावर मोनाकन लोकांनी सोडलेल्या गावाच्या जागी मॅनाकिन टाउन वसले. काही जहाजांच्या याद्या टिकल्या आहेत आणि छापलेल्याही आहेत. या वसाहतीसाठी किंग विल्यम पॅरिश, म्हणजे चर्चचा स्थानिक विभाग, स्थापन झाला. त्याच्या कारभारी मंडळाची १७०७ पासूनची वही उपलब्ध आहे. जमिनीची कागदपत्रे पाहताना मात्र एक गोष्ट विसरू नये, की कुटुंब जागचे हलले नाही तरी काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) बदलत गेली: आधी हेन्रिको, १७२८ पासून गूचलँड, १७४९ पासून कंबरलँड आणि १७७७ पासून पाउहॅटन. नावाचेही तसेच, इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिले, त्यामुळे सोब्लेचे सब्लेट झाले, आणि बॉस्टनला गेलेल्या रिव्हॉयरने तर स्वतःच आपले नाव रिव्हियर करून घेतले.

खरा दुवा बहुधा मधल्या मुक्कामी, म्हणजे लंडनमध्ये किंवा हॉलंडमध्ये सापडतो. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरील फ्रेंच चर्चची दप्तरे ह्यूगेनॉट सोसायटीने छापली आहेत. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी तर पाहाव्याच. पण ज्यांनी फ्रान्समध्ये दडपणाखाली धर्म बदलला होता आणि लंडनला पोहोचल्यावर चर्चच्या मंडळीसमोर पश्चात्ताप व्यक्त केला, त्यांच्या नोंदी मला अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्यांत पुष्कळदा मूळ गाव दिलेले असते. फ्रेंच नोंदींत विवाहित स्त्रीचे नाव माहेरच्या आडनावाने येते, त्यामुळे पूर्वजाच्या पत्नीचे नाव ठाऊक असेल तर ते आधी शोधावे. नवराबायकोची जोडी जुळली की योगायोगाची शंका बरीच कमी होते.

तारखांनी मला एकदा चकवले होते. इंग्लंड व तिच्या वसाहती १७५२ पर्यंत जुने कॅलेंडर वापरत होत्या आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणजे इंग्रजी कागदावरील फेब्रुवारी १७०० हा फ्रेंच हिशेबाने १७०१ चा असू शकतो.

गाव मिळाले की मगच फ्रान्सकडे वळावे. जुन्या नोंदींत प्रांताचे नाव पोआतू किंवा सँतोंज असे असते, परंतु दप्तरे १७९० मध्ये निर्माण झालेल्या देपार्तमाँच्या, म्हणजे फ्रान्सच्या जिल्ह्यांच्या, अभिलेखागारांत आहेत. तेव्हा ते गाव आज कोणत्या देपार्तमाँमध्ये येते हे आधी पाहावे. प्रॉटेस्टंट चर्चचे दप्तर नष्ट झाले असल्यास नोटरींकडील विवाहकरार चाळावेत, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘टीटी’ मालिकाही पाहावी, कारण पळून गेलेल्या प्रॉटेस्टंटांच्या जप्त मालमत्तेचे कागद तिथे आहेत. निघताना त्याने स्वतः काही लिहून ठेवले नसेल, पण त्याच्या मागे राहिलेल्या शेताची मोजदाद सरकारने केलेली असू शकते.