४०१०६ वरचा तानपुरा: जोडाचे दोन षड्ज एकमेकांना का चिकटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर कोपरखैरण्यात, सूर काळी एक. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासाठी एकाच ४०१०६ आयसीवर, ब्रेडबोर्डवर चार ऑसिलेटर (सूर काढणारी सर्किटं) जुळवलेत: पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज. चारही आउटपुट एकत्र बांधून एलएम३८६ या अॅम्प्लिफायर आयसीला दिलीत. जोडाचे सूर जवळ आणले की एकमेकांना चिकटतात आणि दोघांतून उठणारी संथ लाट मरते, दहा मिनिटांत सगळाच सूर हलतो, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीऐवजी अडॅप्टर लावला की घूं सुरू होतं.

ऑसिलेटर तुम्ही बरोबर जोडलेत. बिघाड मुख्यतः सप्लायमध्ये आहे, आणि थोडा आउटपुट एकत्र बांधण्यात व कॅपॅसिटरच्या निवडीत.

आधी चिकटण्याचं कारण. ४०१०६ मध्ये सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर, म्हणजे इनपुटच्या उलट आउटपुट देणारे गेट असतात. इनपुटवरच्या कॅपॅसिटरचं व्होल्टेज चढत चढत वरच्या उंबरठ्याला लागलं की आउटपुट पलटतं, मग ते उतरत खालच्या उंबरठ्याला लागलं की परत पलटतं. हे दोन्ही उंबरठे सप्लायवर ठरतात. शेजारचा गेट पलटला की सप्लायला बारीक हिसका बसतो, त्या क्षणी उंबरठा किंचित खाली येतो, आणि जो कॅपॅसिटर उंबरठ्यापाशी पोचलेलाच असतो त्याचा गेट वेळेआधी पलटतो. दोन सूर अगदी जवळ असले की हे प्रत्येक फेरीला होतं आणि दोघं एकाच पावलाने चालू लागतात. तुम्ही आउटपुट थेट एकमेकांना बांधल्यामुळे त्यात भर पडली. एक आउटपुट वर आणि दुसरं खाली असेल तेव्हा ते एकमेकांना शॉर्ट करतात आणि सप्लाय आणखी हलतो. आयसीवर बोट ठेवून बघा, कोमट लागत असेल तर हेच चाललंय.

म्हणून पहिली दुरुस्ती: दोन आयसी घ्या आणि जोडाचे दोन षड्ज वेगवेगळ्या आयसीवर ठेवा. पहिल्यावर खर्ज आणि जोडातला एक, दुसऱ्यावर पंचम आणि जोडातला दुसरा. खर्ज आणि षड्ज थोडे चिकटले तरी बिघडत नाही, तिथे आपल्याला नेमकं सप्तकाचंच अंतर हवं असतं. प्रत्येक आयसीच्या १४ नंबरच्या पायाला सप्लाय १०० ओहमच्या रेझिस्टन्समधून द्या. १४ आणि ७ च्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि १०४ चा (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कॅपॅसिटर, दोन्ही आयसीला अगदी चिकटून. लांब वायरीच्या टोकाला लावलेला १०४ न लावल्यासारखाच.

जोडणी अशी. ऑसिलेटरचं इनपुट पाय १, आउटपुट पाय २. रेझिस्टन्स १ आणि २ च्या मध्ये, कॅपॅसिटर १ वरून ग्राउंडला. सूर मात्र २ वरून उचलू नका. २ शेजारच्या ३ ला जोडा आणि सूर ४ वरून घ्या, म्हणजे पुढे काहीही लावलं तरी ऑसिलेटरवर भार येत नाही. दुसऱ्या बाजूला हेच १३, १२, ११, १० असं होतं: १३ इनपुट, १२ आउटपुट, १२ ला ११, सूर १० वर. उरलेली इनपुट ५ आणि ९ ग्राउंडला बांधायची, ६ आणि ८ मोकळे सोडायचे. मोकळं इनपुट आपल्याच मनाने थरथरतं आणि सगळ्या आयसीला उपद्रव करतं. ही चूक इतकी सर्रास होते की ‘उगाच खरखर येते’ अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

आता सूर. फ्रिक्वेन्सी साधारण १.२ भागिले (रेझिस्टन्स गुणिले कॅपॅसिटर). पण या १.२ वर विसंबू नका, उंबरठे कंपनीगणिक आणि नगागणिकही वेगळे पडतात. स्वतःचा आकडा काढा. १०० के (किलोओहम) चा रेझिस्टन्स आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा आणि फोनवरच्या ट्यूनरने फ्रिक्वेन्सी वाचा. १२० हर्ट्झ आली तर तुमचा आकडा १.२, १३१ आली तर १.३१. कॅपॅसिटरचा फरकही त्यातच धरला जातो, म्हणून ज्या गेटला जो कॅपॅसिटर लावणार त्यालाच हे माप घ्या.

काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. खालचा पंचम त्याचा पाऊण, म्हणजे सुमारे १०४. खर्ज निम्मा, ६९.३. आकडा १.२ धरला तर षड्जाला साधारण ८७ के, पंचमाला ११५ के आणि खर्जाला १७३ के लागतात. हे एका साध्या पॉटवर (फिरवून बदलायच्या रेझिस्टन्सवर) लावायला जाऊ नका, केसभर हललं तरी सूर जातो. षड्जाला ६८ के अधिक ५० के चा मल्टीटर्न प्रीसेट (स्क्रूने अनेक फेऱ्यांत फिरणारा पॉट), पंचमाला ८२ के अधिक ५० के, खर्जाला १२० के अधिक १०० के. पंचवीस फेऱ्यांच्या प्रीसेटमध्ये ५० के म्हणजे फेरीला २ के, षड्जाच्या जागी तो जेमतेम पाव स्वराहून कमी सरकतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने निवांत सूर लावता येतो. जोडातला एक षड्ज १३८.६ वर आणि दुसरा अर्धा हर्ट्झ वर ठेवलात की दोन सेकंदांत एक लाट येते. ती ऐकू आली की समजा आयसी खरंच वेगळे झालेत.

सूर हलतो त्याचं एक कारण तुमच्या फोटोत दिसतंय: टायमिंगला लावलेले चपटे, पिवळसर-तपकिरी सिरॅमिक १०४. खात्री करून घ्यायची तर सूर चालू ठेवा आणि त्यातला एक कॅपॅसिटर नुसता चिमटीत धरा, पाय न शिवता. बोटाच्या उबेने सूर सरकताना स्पष्ट ऐकू येईल. स्वस्त सिरॅमिकची क्षमता तापमानाबरोबर भरपूर बदलते. टायमिंगला पॉलिएस्टर घ्या, दुकानात मायलार किंवा बॉक्स कॅपॅसिटर म्हणून मागा. त्यावरही १०४ च लिहिलेलं असतं, म्हणून दोन्ही वेगळ्या पुड्यांत ठेवा: सिरॅमिक सप्लायला, पॉलिएस्टर सुराला.

दुसरं कारण बॅटरी. ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी एलएम३८६ आणि स्पीकरचा भार फार वेळ पेलत नाही, व्होल्टेज बसतं आणि उंबरठे सोबत सरकतात. सहा पेन्सिल सेलचा होल्डर घ्या. एलएम३८६ ला ९ व्होल्ट थेट द्या, आणि दोन्ही ४०१०६ ना ७८एल०५ या व्होल्टेज रेग्युलेटरमधून स्थिर ५ व्होल्ट. त्याच्या दोन्ही बाजूंना १०४ लावा. सहा सेल मिळून ७ व्होल्टच्या खाली जाईपर्यंत सूर जागचा हलणार नाही. इथे मात्र जपा: ७८एल०५ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय आउटपुट, मधला ग्राउंड, उजवा इनपुट. मोठ्या ७८०५ मध्ये डावा इनपुट असतो, म्हणजे बरोबर उलट. मोठ्याच्या सवयीने छोटा लावला की तो तापतो आणि आयसीही सोबत नेतो. ४०१०६ बसवण्याआधी रिकाम्या बेसच्या १४ आणि ७ वर मीटर धरून ५ व्होल्ट मोजाच.

चार सूर एकत्र करताना प्रत्येक सुराला १०० के चा रेझिस्टन्स. चारही जिथे मिळतात तिथून ग्राउंडला १.५ के, आणि त्याच बिंदूवरून ग्राउंडला ०.१ चा पॉलिएस्टर. हा कॅपॅसिटर साधारण १३०० हर्ट्झच्या वरची धार बोथट करतो. चौकोनी लहर तशीच कानाला टोचते, आणि तिच्यात विषम पटीचेच सूर जोरकस असल्यामुळे जवारीचा (तानपुऱ्याच्या झणकाराचा) भास होत नाही. खरी जवारी या सर्किटमधून निघणार नाही, पण रियाजाला बसण्याइतका भरीव सूर नक्की निघतो. पुढे १ मायक्रोफॅरड, मग १० के चा व्हॉल्यूम पॉट, मग एलएम३८६ चा पाय ३. एवढ्या मापाने चारही सूर मिळून पाव व्होल्टच्या आसपास येतात. एलएम३८६ त्याला वीसपट करतो, म्हणजे ५ व्होल्ट, आणि ९ व्होल्टवर ते फाटत नाही. १ आणि ८ मध्ये कॅपॅसिटर लावू नका, त्याने दोनशेपट होतं आणि नुसतं फाटतं. २ आणि ४ ग्राउंडला, ६ ला सप्लाय आणि तिथेच ४७० मायक्रोफॅरड. ५ वरून २२० मायक्रोफॅरडमधून ८ ओहमचा स्पीकर, शिवाय ५ वरून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एका रांगेत. स्पीकर उघडा ठेवू नका. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवला तरी खर्ज लक्षात येण्याइतका सुधारतो.

घूंचं निदान सोपं आहे. सेलवर ते थांबलं तर दोष अडॅप्टरचा. तोच वापरायचा असेल तर १२ व्होल्टचा घेऊन पुढे ७८०९ लावा. सेलवरही राहिलं तर व्हॉल्यूम पॉटचं धातूचं अंग ग्राउंडला जोडा आणि पॉटपासून पाय ३ पर्यंतची वायर आखूड, शील्डवाली घ्या. स्पीकरचं ग्राउंड ऑसिलेटरच्या ग्राउंडमधून फिरवून आणू नका, दोन्ही थेट सेलच्या उणे टोकाला न्या.

ब्रेडबोर्डवर सूर पक्के झाले की झिरो पीसीबीवर (सोल्डर करायच्या भोकांच्या बोर्डवर) या. १४ पायांचे आयसी बेस वापरा आणि २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. सोल्डर झालं की फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुऊन काढा. खाडीकाठच्या पावसाळी हवेत उरलेलं फ्लक्स ओल धरतं, त्यातून करंट झिरपतो आणि सूर रोज वेगळा लागतो. खर्जाचा रेझिस्टन्स सगळ्यांत मोठा, तो आधी बिघडतो.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत होईल: ट्रान्स हार्बरने ठाणे, मग दादर, तिथून धिमी लोकल ग्रँट रोडपर्यंत, पूर्वेला उतरून चालत. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दुकानदार ४०१०६ ऐवजी ७४एचसी१४ पुढे करेल. पाय तेच आहेत, पण तो ६ व्होल्टच्या वर टिकत नाही. तुमच्या आत्ताच्या ९ व्होल्टवर जळेल, ७८एल०५ लावल्यावर चालेल. ठाणे-नवी मुंबईतले आणखी दोघं-तिघं हेच बनवत असतील तर पंचवीस नगांची एक अख्खी नळी मिळून घ्या. एका नळीतले आयसी बहुधा एकमेकांच्या जवळचे निघतात, मग एकाने काढलेली मापं दुसऱ्याला सुरुवातीला कामी येतात.

बदल केल्यावर अडलात तर ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका, हे आकडे द्या: दोन्ही आयसींच्या १४ वरचं व्होल्टेज, आणि २ व १२ वरचं डीसी व्होल्टेज. ऑसिलेटर चालू असेल तर मीटर साधारण अडीच दाखवतो. शून्य किंवा पाच दाखवला तर तो गेट अडकलाय, बहुतेक वेळा कॅपॅसिटरचा पाय ब्रेडबोर्डच्या शेजारच्या भोकात गेलेला असतो. सोबत वरून काढलेला एक फोटो टाका, आयसीची खाच आणि त्यावरची अक्षरं वाचता येतील असा.