अ‍ॅक्सेस पॉइंटचं पान उघडत नाही तेव्हा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नेरूळला आमच्या रो-हाउसच्या तळमजल्यावर मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. एका मुलाने छताला गोल पांढरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवून दिला होता, म्हणजे वायरने आलेलं नेट वाय-फायवर पसरवणारा डबा. आता तो फोन उचलत नाही. अभ्यासिका सोडून गेलेली मुलं संध्याकाळी बाहेरच्या पायरीवर बसून आमचंच वाय-फाय वापरतात, म्हणून पासवर्ड बदलायचा आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं तर इंटरनेटवाल्यांच्या राउटरचं पान उघडतं, पण त्यात अभ्यासिकेच्या वाय-फायचं नाव कुठेच नाही. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या खोक्यावर १९२.१६८.०.२५४ असं छापलंय. ते टाकलं तर नुसतंच गोल फिरत राहतं. तो बिघडला आहे का? नवीन घ्यावा लागेल का?
— एक अभ्यासिकाचालक, नेरूळ

उत्तर : ताई, नवीन काही घेऊ नका. ज्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर मुलं आजही नेट वापरतायत, तो ठणठणीत आहे. तुम्हाला त्याचा सध्याचा पत्ता माहीत नाही, एवढाच प्रश्न आहे. महापे-रबाळ्याच्या कारखान्यांमध्ये मी नेटवर्कचीच कामं करते, आणि ‘डबा उघडतच नाही’ म्हणून येणाऱ्या फोनमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं.

खोक्यावरचा पत्ता अडीअडचणीला वापरायचा असतो. त्या आकड्यांवरून तुमचा डबा टीपी-लिंक कंपनीच्या ईएपी मालिकेतला वाटतो. टीपी-लिंकच्या ईएपी मालिकेतले अ‍ॅक्सेस पॉइंट चालू झाले की आधी राउटरकडे पत्ता मागतात. राउटरने दिला, तर तोच घेतात. कोणीच दिला नाही, तरच १९२.१६८.०.२५४ लावून बसतात. तुमच्याकडे राउटर आहे, म्हणजे त्याने १९२.१६८.१ ने सुरू होणारा एखादा पत्ता देऊन टाकला असणार. (हे सगळे आकडे टाइप करताना इंग्रजी अंकांत टाका.)

तो शोधायला शिडीवर चढायची गरज नाही. राउटरचं पान तुम्हाला उघडता येतंच आहे. त्यात ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ किंवा ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ अशी यादी असते (डीएचसीपी म्हणजे राउटरचं पत्ते वाटण्याचं काम). मुलांचे मोबाइल, तुमचा लॅपटॉप, प्रिंटर सगळे त्यात दिसतील. प्रत्येकासमोर दोन-दोन अंक-अक्षरांच्या सहा जोड्या असतात, तो मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राची कायमची ओळख. खोक्याच्या बाजूच्या स्टिकरवरही तसाच मॅक छापलेला असतो. दोन्ही जुळवा. जुळला की त्याच ओळीतला आयपी, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, ब्राउझरमध्ये टाका, लॉगिनचं पान समोर येईल.

यादीत तो सापडलाच नाही, तर त्या मुलाने हाताने कायमचा पत्ता टाकून ठेवला असावा. किंवा पान उघडलं, पण त्याने ठेवलेला पासवर्ड तुमच्याकडे नाही. दोन्ही वेळा रस्ता एकच, रिसेट. हे अभ्यासिका बंद असताना करा. रिसेटनंतर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही पुसले जातात, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत वीस मुलं तुमच्याकडे बघत बसलेली असणं काही बरं नाही.

आता मात्र शिडी लागेल. अ‍ॅक्सेस पॉइंट पट्टीवर बसवलेला असतो, किंचित फिरवला की हातात येतो. केबल काढू नका, रिसेटच्या वेळी त्याला वीज हवी. कडेला किंवा मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं. कागदाची क्लिप सरळ करून आतलं बटण दाबा आणि दिवा लुकलुकेपर्यंत, साधारण पाच ते दहा सेकंद, दाबूनच ठेवा. मग दोन-तीन मिनिटं त्याला उठू द्या. खाली उतरण्याआधी केबलच्या टोकाकडे एकदा बघाच. नेरूळच्या खाडीकाठच्या दमट हवेत त्या आठ धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर बसतो. तसा दिसला तर टोक कापून नवीन कनेक्टर बसवून घ्या, पुढे ढकलू नका.

पुढची पायरी लॅपटॉपची. अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज देणारा छोटा अडॅप्टर कुठेतरी कपाटामागे असेल, त्याला पीओई इंजेक्टर म्हणतात. त्याला दोन जागा असतात. ‘पीओई’ लिहिलेल्या जागेतून वायर वर छताला जाते, ‘लॅन’ लिहिलेल्या जागेतून राउटरला. राउटरची वायर काढून त्या ‘लॅन’च्या जागेत लॅपटॉपची लावा. चुकूनही ‘पीओई’च्या जागेत लॅपटॉप लावू नका. ८०२.३एएफ मानकाचा इंजेक्टर समोरचं उपकरण वीज घेणारं आहे का हे आधी तपासतो आणि मगच सोडतो, पण २४ व्होल्टचे साधे इंजेक्टर काहीही न विचारता वीज सोडतात. तुमचा कुठल्या प्रकारचा आहे हे वायर लावून तपासायची गोष्ट नव्हे.

राउटर सुटला, म्हणजे पत्ते वाटणारा कोणी उरला नाही. इंजेक्टरची वीज एकदा बंद करून पुन्हा चालू करा. अ‍ॅक्सेस पॉइंट आता १९२.१६८.०.२५४ वर येईल. पण तुमच्या लॅपटॉपलाही कोणी पत्ता देणार नाही. तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी लावून घेईल आणि पान पुन्हा उघडणार नाही. बहुतेक लोक इथे हात टेकतात, म्हणून नीट सांगते. पत्त्याचा किती भाग जुळायला हवा हे सबनेट मास्क ठरवतो. तो २५५.२५५.२५५.० असेल तेव्हा पत्त्यातले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे (जसे १९२.१६८.०) जुळले, तरच दोन यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. सोसायटीत शेजारच्या ताईंना डबा द्यायचा तर आपण स्वतः जाऊन देतो, बाहेरच्या माणसासाठी असेल तर गेटवरच्या वॉचमनकडे ठेवतो. तसंच लॅपटॉपचं आहे. पहिले तीन आकडे वेगळे दिसले की तो निरोप वॉचमनकडे, म्हणजे राउटरकडे, पाठवायला बघतो. आणि राउटर तर आत्ता सुटलेला आहे.

म्हणून लॅपटॉपला हाताने पत्ता द्या. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट, तिथे ‘आयपी असाइनमेंट’ समोर ‘एडिट’ आणि ‘मॅन्युअल’. पत्ता १९२.१६८.०.१००, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे, म्हणजे राउटरच्या पत्त्याची जागा, रिकामा. वाय-फाय बंद ठेवा, नाहीतर लॅपटॉप दोन दिशांना ओढला जातो. मग ब्राउझरच्या पट्टीत एचटीटीपी, दोन बिंदू, दोन तिरक्या रेघा आणि १९२.१६८.०.२५४. नुसते आकडे टाकले तर कधी कधी ब्राउझर शोध घ्यायला धावतो.

जुन्या फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अ‍ॅडमिन’ असतात, नव्यात पहिल्याच वेळी तुम्हालाच ठरवायला सांगतात. हा झाला आत शिरायचा पासवर्ड. मुलांना द्यायचा वाय-फायचा पासवर्ड वेगळा. दोन्ही एकच ठेवले, तर अभ्यासिकेतला कुठलाही हुशार मुलगा एका मिनिटात तुमची सगळी सेटिंग्ज बदलू शकतो.

आता मूळ काम. वाय-फायची दोन नावं करा, एक मुलांसाठी आणि एक घरासाठी. मुलांच्या नावाला ‘गेस्ट नेटवर्क’ची खूण करा, म्हणजे त्यावरून तुमचा प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर दिसणार नाही. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ आणि एईएस निवडा. २०१८ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए-३ जास्त चांगलं आहे, पण मुलांकडे जुने फोन असतात, तेव्हा दोन्ही चालणारा मिश्र पर्याय असेल तर तो घ्या. पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा लागतो, तुम्ही पंधरा-सोळाचा ठेवा. फीच्या नव्या महिन्याबरोबर मुलांचा पासवर्ड बदला आणि आतल्या फळ्यावर लिहा. घरच्या वाय-फायला हात लावावा लागणार नाही आणि पायरीवरची बैठक आपोआप उठेल.

चॅनेलकडे, म्हणजे वाय-फाय ज्या लहरींच्या पट्टीवर बोलतं तिच्याकडे, दुर्लक्ष करू नका, नेरूळमध्ये तर नाहीच. रो-हाउसेस भिंतीला भिंत लागून, समोर चार-चार मजली इमारती, प्रत्येक घरात एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे : १, ६ आणि ११. फोनवरच्या एखाद्या वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये ज्यावर गर्दी कमी दिसेल तो घ्या. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की दोन चॅनेलची जागा एकट्याने अडवली जाते आणि शेजाऱ्यांची कुरकुर तुमच्यातही शिरते. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ मधला एखादा चॅनेल द्या. ५२ च्या पुढच्या काही चॅनेलवर अ‍ॅक्सेस पॉइंटला आधी मिनिटभर गप्प बसून रडार आहे का ते ऐकावं लागतं, आणि मुलांना वाटतं नेट गेलं.

ट्रान्समिट पॉवर ‘हाय’ असेल तर ‘मीडियम’वर आणा. एका खोलीला तेवढी पुरते. पॉवर वाढवली की फोनवर दांड्या जास्त दिसतात, पण फोनचा स्वतःचा आवाज तेवढाच बारीक राहतो, त्याचं बोलणं छतापर्यंत पोचायला हवं ना? शिवाय पायरीवरची रेंजही थोडी आटेल.

सगळं सेव्ह झालं की वायर होती तशी राउटरला लावा आणि लॅपटॉपचा पत्ता पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा. हे विसरलात, तर उद्या लॅपटॉपवर नेट चालणार नाही. राउटरच्या पानात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असेल, तर त्या मॅकला एक पत्ता कायमचा बांधून द्या, म्हणजे पुढच्या वेळी यादी धुंडाळायला नको.

त्या मुलाबद्दल एक बोलायचं आहे. यंत्र तुमच्या पैशाचं, तेव्हा चाव्याही तुमच्याकडेच हव्यात. बसवणारा माणूस कितीही ओळखीतला असला तरी त्याच्याकडून अ‍ॅडमिनचं नाव, पासवर्ड आणि यंत्राचा पत्ता कागदावर लिहून घ्या, तुमच्या समोर एकदा लॉगिन करून दाखवायला सांगा, आणि मगच त्याच्या हातावर पैसे ठेवा. ‘मी आहे ना, फोन करा’ हे ऐकून घेऊ नका. मी स्वतः काम संपवताना तो कागद मीटरच्या पेटीत चिकटवून येते.

प्रश्न : आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून जुना राउटर वायरने जोडला. आता घरात काही फोनवर नेट चालतं, काहींवर चालत नाही, आणि रोज वेगळ्यांवर.
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : काका, घरात पत्ते वाटणारे दोघे झालेत. ज्या फोनला जुन्या राउटरने पत्ता दिला, तो त्यालाच बाहेरचा रस्ता समजतो, आणि त्याला बाहेरचा रस्ताच नाही. जुन्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो चालू करा, काम झालं. नसेल तर मुख्य राउटरची वायर काढून, एकट्या जुन्या राउटरला लॅपटॉप जोडून आधी त्याचा लॅन पत्ता (घरातल्या नेटवर्कमधला त्याचा स्वतःचा पत्ता) बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, मुख्य राउटर वाटत असलेल्या पत्त्यांत तो नाही ना, हे बघून. त्यानंतर त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. क्रम उलटा केलात तर पत्ता न मिळाल्यामुळे तुम्हीच बाहेर अडकाल. शेवटी मुख्य राउटरकडून आलेली वायर जुन्याच्या ‘वॅन’मध्ये (बाहेरच्या इंटरनेटच्या वायरच्या जागेत) न लावता ‘लॅन’च्या जागेत लावा.

प्रश्न : लॅपटॉप नाही. मोबाइलवरून नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडलं, पण त्याचं पान उघडत नाही.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मोबाइल डेटा बंद करा. या वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुमचा पत्ता बाहेर शोधत बसतो. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का’ असं विचारलं तर हो म्हणा.

प्रश्न : पान उघडताना ब्राउझर म्हणतो ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. पुढे जाऊ का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा आहे, तुमच्याच यंत्राचा आहे आणि तुम्ही वायरने जोडलेले आहात, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून पुढे जा. यंत्राने प्रमाणपत्र स्वतःचं स्वतःच बनवलेलं असतं, ब्राउझरला त्याची ओळख नसते. बँकेच्या किंवा कुठल्याही बाहेरच्या साइटवर हीच सूचना आली, तर मात्र पान तिथल्या तिथे बंद करा.