यूशिवाय क्यू: छोटे शब्द आणि त्यांचे अर्थ

स्क्रॅबल या अक्षरांच्या टाइल्सनी इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळात हातात क्यू येतो, यूचा पत्ता नसतो, मग तो लावायचा कुठे आणि असे छोटे शब्द अर्थासकट मिळतील का, असा तुमचा प्रश्न आहे. मिळतील की. आणि पाठ करायला फार कष्टही पडणार नाहीत, कारण त्यातले बरेचसे शब्द आपण मराठीत रोज ऐकतो, फक्त इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओळखू येत नाहीत.

सगळ्यात आधी क्यू-आय. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, हा राहिलाच पाहिजे. उच्चार 'ची', अर्थ चिनी विचारातली शरीरात खेळणारी प्राणशक्ती. चीनने १९५८ मध्ये रोमन लिपीसाठी पिनयिन पद्धत स्वीकारली, त्यात 'च'च्या जवळच्या एका उच्चाराला क्यू हे अक्षर दिलं, म्हणून हे स्पेलिंग. जुनं सी-एच-आय हेही खेळात चालतं. (ताय ची मधला 'ची' मात्र हा नव्हे. तो वेगळा शब्द, त्याचा अर्थ परमसीमा असा आहे. भले भले इथे गल्लत करतात.) उत्तर अमेरिकेच्या अधिकृत यादीत क्यू-आय २००६ मध्ये आला आणि तेव्हापासून क्यूची दहशतच संपली.

का, ते बघा. समजा बोर्डवर 'स्की' हा शब्द आडवा लागलाय, एस-के-आय. त्यातल्या आयच्या बरोबर वरचं घर तिप्पट अक्षराचं आहे, म्हणजे तिथल्या अक्षराचे गुण तिप्पट होतात, आणि आजूबाजूला मोकळं आहे. त्या घरात क्यू ठेवा आणि क्यूच्या उजवीकडे तुमच्या हातातला आय. आडवा क्यू-आय झाला, उभाही क्यू-आय झाला. क्यूचे १० गुण, तिप्पट ३०, आयचा १, म्हणजे ३१. दोन्ही दिशांनी मिळून ६२, दोन टाइल्समध्ये! म्हणून क्यू आला की शेवटाला आय असलेला, वर जागा मोकळी असलेला शब्द आधी शोधायचा.

आता अरबीतून आलेले. अरबीत घशातून खोल काढायचा एक 'क' आहे, रोमन लिपीत तो क्यूने दाखवतात. त्याच्या मागे यू येण्याचं काही कारणच नाही. इंग्रजीतली क्यूमागे यू ही जोडी मुळात लॅटिन-फ्रेंच वळणाची. १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर त्यांच्या लेखनिकांनी ती रुजवली. त्याआधी 'क्वीन' सी-डब्ल्यूने लिहीत.

क्यू-ए-टी, उच्चार 'कात'च्या जवळचा: एका झुडपाची पानं, येमेन, इथिओपिया, सोमालियाकडे तरतरीसाठी चघळतात. हाच शब्द के-ए-टी आणि के-एच-ए-टी असाही चालतो. क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी. क्यू-ए-आय-डी म्हणजे टोळीचा म्होरक्या, कायदे-आझम मधला 'कायद' तो हाच. आपला 'कायदा' वेगळ्या अरबी शब्दावरून आलाय, तेव्हा अर्थ लावताना फसू नका. एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर. टी-ए-एल-ए-क्यू, एन-आय-क्यू-ए-बी आणि बी-यू-आर-क्यू-ए वाचून बघा: तलाक, नकाब, बुरखा. बुरख्यात यू आहे खरा, पण क्यूच्या आधी.

माझा सगळ्यात लाडका क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची कनात नव्हे हं. इराणमध्ये डोंगरपायथ्याच्या भूजलापासून गावापर्यंत जमिनीखालून अगदी हलक्या उताराचा बोगदा खणत नेतात. पाणी स्वतःच्या वजनाने वाहत येतं, पंप नाही की मोट नाही. वरून ठराविक अंतरावर उभ्या विहिरी खणलेल्या असतात, माती काढायला, हवा खेळायला आणि पुढे गाळ उपसायला उतरता यावं म्हणून. २०१६ मध्ये युनेस्कोने या पर्शियन कनातींना जागतिक वारशात घेतलं. एवढं कळलं की स्पेलिंग विसरत नाही.

उरलेले भराभर सांगतो. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू अक्षर. ज्या फिनिशियन अक्षरापासून ते आलं, त्याच्यापासूनच रोमन क्यूही आलाय. टी-आर-ए-एन-क्यू हे गुंगीच्या औषधाचं बोली लघुरूप. क्यू-आय-एन-डी-ए-आर हे अल्बेनियाचं जुनं सुटं नाणं, 'लेक' या तिथल्या चलनाचा शंभरावा भाग. यातल्या बहुतेकांना मागे एस लागतो, अगदी क्यू-आयलासुद्धा. इराक, कतार वगैरे विशेषनामं चालत नाहीत.

खेळात चालणाऱ्या शब्दांच्या याद्या दोन आहेत, उत्तर अमेरिकेची आणि कॉलिन्स शब्दकोशाची. कॉलिन्सची मोठी आहे. कुठली धरायची ते पहिली टाइल काढण्याआधीच ठरवा, नाहीतर क्यू लागला की वाद ठरलेला.

आणि क्यू धरून बसू नका. १०० टाइल्समध्ये यू फक्त चार, आय नऊ. म्हणजे यूची वाट बघण्यापेक्षा आय सांभाळून ठेवणं केव्हाही शहाणपणाचं. पिशवी रिकामी होत आली आणि जागा दिसत नसेल, तर मिळेल त्या गुणांना क्यू खपवा. समोरच्याने डाव संपवला आणि क्यू तुमच्या रॅकवर, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, राहिला, तर तुमचे १० जातात आणि तेच १० त्याच्या खात्यात पडतात. टाइल बदलून घ्यायची असेल तर तेही वेळेत, कारण नेहमीच्या नियमांनुसार पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की बदली बंद.