बजेट प्रवासाचं मासिक: फोटोच्या आधी खर्चाची चौकट

प्रश्न असा आहे की विद्यार्थ्यांसाठी आणि नव्यानं कमावत्या मुलामुलींसाठी कमी खर्चातल्या प्रवासाचं बत्तीस पानी मासिक काढायचंय, तर डिझाइन कव्हरपासून सुरू करावं की आतल्या पानांपासून, आणि कागद चकचकीत घ्यावा का?

दोन्हींपासून नको. खर्चाच्या चौकटीपासून सुरू करा. प्रवासाचं मासिक म्हणजे मोठे फोटो, हे मत मला कधीच पटलेलं नाही. बजेटच्या मासिकाबाबत तर ते साफ चुकीचं आहे. खिशात मोजके पैसे असलेला वाचक आधी 'हे मला परवडेल का' एवढंच बघतो. ते उत्तर शोधायला त्याला तीन पानं उलटावी लागली, तर मांडणी फसली.

चौकटीत सहा ओळी ठेवा: जाणं-येणं, तिथलं फिरणं, राहणं, खाणं, प्रवेशशुल्क आणि किरकोळ. किरकोळमध्ये लॉकर, चादरीचं भाडं, जादा सामानाचे पैसे येतात. बहुतेक लेखक नेमके हेच विसरतात. रकाने दोन: 'एकदाच' आणि 'रोज'. जाण्या-येण्याचं भाडं दिवसांवर वाटून 'रोजचा खर्च' काढू नका. तीन दिवसांच्या सहलीवरून काढलेला तो आकडा सहा दिवस राहणाऱ्याच्या काहीच कामाचा नसतो. खोली किती जणांत धरली तेही 'राहणं'च्या ओळीत हवं. दोघांत वाटलेलं भाडं तसं न सांगता छापलं, तर एकटा निघालेल्याला राहण्याचा खर्च थेट दुप्पट पडतो. अनामत परत मिळणार असेल तर बेरजेत धरू नका, पण खाली लिहा, कारण पहिल्या दिवशी ती खिशातूनच जाते. चौकटीच्या तळाशी दर कुठल्या महिन्यात तपासले ते टाका.

आता मांडणी. आकडे उजवीकडे जुळवा, उभ्या रेघा मारू नका. फाँट ठरवण्याआधी १११११ आणि ८८८८८ एकाखाली एक टाइप करून बघा. लांबी वेगळी आली तर त्या फाँटात एकक-दशक एका रेषेत बसत नाहीत आणि बेरीज नजरेनं तपासता येत नाही. चौकट प्रत्येक लेखात एकाच जागी हवी. पहिल्या जोडपानाच्या (समोरासमोरच्या दोन पानांच्या) उजव्या पानावर, खाली ठेवलीत तर अंगठ्यानं पानं सोडतानाही ती दिसते.

आकार ए-५, म्हणजे १४८ × २१० मिमी. आत १६ आणि बाहेर १२ मिमी समास सोडला की मजकुराला १२० मिमी रुंदी उरते. त्यात एकच कॉलम करा. दोन केले तर देवनागरीतले लांब शब्द कडा जुळवताना ओळीत भगदाडं पाडतात. मजकूर साडेदहा पॉइंट, ओळींचं अंतर पंधरा-सोळा. त्याहून घट्ट केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला धडकतो.

पानभर फोटोवर पांढऱ्या बारीक अक्षरांत मजकूर हा तर हट्टच असतो. छपाईच्या चार रंगांपैकी एक केसभर सरकला की शाई अक्षरात शिरते, अनुस्वार बुजतो आणि 'मंदिर'चं 'मदिर' होतं. काळा मजकूरही फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांच्या मिश्रणात नको.

बत्तीस पानं मधोमध पिन मारून बांधली की आठ कागद एकात एक बसतात. मधले कागद साधारण मिलिमीटरभर बाहेर येतात आणि कटिंगमध्ये तेवढे कापले जातात. म्हणून पृष्ठांक कडेपासून निदान ८ मिमी आत घ्या. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जादा छापलेली पट्टी, द्या. नकाशा १६-१७ वर घ्या. तेवढं एकच जोडपान एका सलग कागदावर येतं, बाकी ठिकाणी रस्ते मधोमध तुटतात.

कागदाचं म्हणाल तर आत चकचकीत नकोच. त्यावर पेन्सिल चालत नाही, आणि हा वाचक पानावर बेरजा करणार. आत ९० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाच्या) आसपासचा, कव्हरला १७० चा मॅट कागद पुरतो. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, दुमडीला समांतर हवा, नाहीतर कव्हर दुमडीवर तडकतं.

एक मात्र मान्य करायला हवं. फोटो अजिबात नकोत असं मी म्हणत नाही. कव्हरवर आणि लेखाच्या तोंडाशी एकेक चांगला फोटो लागतोच. पानभर फोटोला ब्लीड धरून सुमारे १८२० × २५५० पिक्सेल लागतात. साध्या स्मार्टफोनचा मूळ फोटो तेवढा सहज असतो, पण मेसेजमधून पाठवताना तो आक्रसतो, म्हणून मूळ फाइलच मागवा. आणि अंक फक्त फोनवरच वाचला जाणार असेल तर पिन, ब्लीड, जीएसएम सगळं सोडून द्या. चौकट तेवढी पडद्याच्या रुंदीत, आडवं न सरकवता दिसते का, हे छोट्यातल्या छोट्या फोनवर बघून घ्या.