लंडनचं कर्ज थांबू द्या, आधी मोडी आणि संग्रहालय

पत्र, थोडक्यात: वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका वडिलांनी लिहिलं आहे. मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. करते, रसायनशास्त्र, दुसरं वर्ष. गेल्या वर्षी पिपरहवाच्या स्तूपात बुद्धाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींबरोबर मिळालेल्या रत्नांच्या लिलावाची बातमी तिनं वाचली आणि तेव्हापासून ‘मला लिलावगृहात काम करायचंय’ हे तिनं मनात घेतलं आहे. घरात कुणी म्हणतं हा जुन्या बाजाराचा धंदा, कुणी म्हणतं हा श्रीमंतांचा नाद. वडिलांचे प्रश्न असे: यात पोट भरतं का? लंडनच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी शैक्षणिक कर्ज काढावं का? ओळखीतले एक गृहस्थ जुन्या मूर्ती-भांड्यांची खरेदी-विक्री करतात, त्यांचे फोटो ऑनलाइन टाकायचं काम मुलीला देऊ करताहेत, ते घ्यावं का? आणि जाता जाता, देव्हाऱ्यात पणजीच्या वेळची पितळी अन्नपूर्णा आहे, तिची कुठे नोंद करावी लागते का?

सप्रेम नमस्कार.

कर्जाचं आधी सांगते, कारण तिथे पैशाचा प्रश्न आहे. आत्ता काढू नका. लंडनला लिलावगृहांच्या नावाशी जोडलेल्या संस्था आहेत आणि तिथला अभ्यासक्रम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलीनं अजून एकही मूर्ती हातात घेऊन मागून-खालून पाहिलेली नाही, तिला तिथे ओळखी होतील आणि बाजाराची भाषा येईल, एवढंच. वस्तूचं ज्ञान घेऊन गेलेल्याला तेच वर्ष चौपट फळतं. ती चार-पाच वर्षांनी गेली तर कदाचित शिष्यवृत्तीवर जाईल.

आता काम काय असतं ते. टीव्हीवर हातोडा आपटणारा माणूस दिसतो. असे लोक कंपनीत थोडेच. बाकीचे लोक महिनोन्‌महिने एका पुस्तकासाठी राबत असतात, त्याचं नाव कॅटलॉग. प्रत्येक वस्तूला लॉट नंबर, वर्णन, माप, काळ, स्थिती, अंदाजे किंमत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रोव्हेनन्स: ही वस्तू कुणाकडून कुणाकडे, कधी, कोणत्या कागदानिशी आली. आपण मुलीसाठी स्थळ पाहताना जशी दोन पिढ्यांमागची चौकशी करतो, तशीच ही चौकशी. आणि इथेही गोड बोलून माहिती लपवणारे मध्यस्थ असतातच.

आपल्या वडोदऱ्याचंच उदाहरण घ्या. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा मार्च २००९ मध्ये दोहा इथल्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना गेला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी तो करवला होता, असं सांगतात. लोकांनी आकडा वाचून तोंडात बोटं घातली. मुलीला सांगा, आकडा सोड, त्या गालिच्याचा प्रवास वाच. १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो मांडला होता. पुढे बडोद्याच्या महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दिसला. जवळजवळ दीडशे वर्षांच्या वाटेवर ठिकठिकाणी जाहीर नोंद आहे, आणि देशाबाहेर तो गेला तो पुरावस्तू बाहेर न्यायला बंदी घालणाऱ्या १९७२च्या कायद्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच तो उजळ माथ्यानं विकला गेला.

याच्या उलट तमिळनाडूच्या श्रीपुरंतानचा नटराज. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं तो २००८ मध्ये न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतला. सोबत कागद होते. मूर्ती १९७२च्या आधीच भारताबाहेर गेली, असं त्यात व्यवस्थित लिहिलेलं. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं देवळादेवळांत फिरून काढलेल्या फोटोंचा संग्रह होता, आणि त्यात हाच नटराज १९९०च्या दशकात आपल्या देवळात उभा होता. एका फोटोनं सगळे कागद खोटे पाडले. २०१४ मध्ये मूर्ती परत आली आणि कपूरला मूर्तिचोरीच्याच दुसऱ्या एका प्रकरणात २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली. तुमच्या लेकीला या क्षेत्रात यायचं असेल तर तिनं तो फोटो शोधणारी व्हायला हवं. अशा लोकांची गरज आता लिलावगृहांना आहे, संग्रहालयांना आहे, विमा कंपन्यांना आणि वकिलांनाही आहे. लंडनमध्ये चोरीच्या कलावस्तूंची नोंद ठेवणारी आर्ट लॉस रजिस्टर ही संस्था केवळ याच कामावर चालते.

पिपरहवाची गोष्ट आणखी वेगळी, आणि तिनं तीच पकडली म्हणून मला तुमच्या मुलीबद्दल आशा वाटते. १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदारानं आजच्या उत्तर प्रदेशातला तो स्तूप खणला. अस्थी आणि रत्नं मिळाली, बराच भाग कोलकात्याच्या संग्रहालयात गेला आणि काही रत्नं पेपे कुटुंबाकडे राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला. इथे लपवाछपवी नव्हती, मालकी सरळ रेषेत दाखवता येत होती. तरी भारत सरकारनं नोटीस दिली, लिलाव थांबला, आणि जुलैमध्ये गोदरेज उद्योगसमूहाच्या मदतीनं रत्नं भारतात आली. म्हणजे कागद स्वच्छ असूनही ‘हे विकावं का’ हा प्रश्न उरतोच. बुद्धाच्या अस्थींबरोबर पुरलेली रत्नं हा लॉट नंबर लावण्याचा माल आहे का? माझं मत विचाराल तर नाही. पण या कामात असे प्रसंग येतात, आणि त्या वेळी पगार देणाऱ्या कंपनीचं मत आपल्यासारखं असेलच असं नाही. तुमच्या मुलीशी यावर घरात एकदा मोकळेपणी बोला. मी तिला पटवण्यापेक्षा तुम्ही दोघं भांडलात तर बरं.

पोट भरतं का? भरतं, पण सावकाश. भारतात नियम असा की शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र, नाणं वगैरे पुरावस्तू (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं) खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९७२चा हा कायदा १९७६ पासून लागू आहे, आणि निर्यातीला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय राजा रविवर्मा, नंदलाल बोस, अमृता शेरगिल धरून नऊ चित्रकारांची चित्रं वयाचा विचार न करता बाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे इथल्या पुरावस्तूंना गिऱ्हाईक फक्त देशातलं. परिणामी सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू यांच्यासारखी आपली लिलावगृहं मुख्यतः आधुनिक चित्रं आणि दागदागिन्यांवर चालतात, नाण्यांची वेगळी लिलावगृहं आहेत. प्राचीन शिल्पांचा विभाग छोटा, जागा थोड्या, त्याही बहुतेक मुंबई-दिल्लीत. सुरुवात इंटर्न म्हणून होते. एखाद्या भाच्याचा सॉफ्टवेअरमधला पगार डोळ्यांसमोर ठेवून तुलना करू नका, पहिली सहा-सात वर्षं मुलगी त्यात हरणारच.

म्हणून मी सांगते, ‘लिलावगृह’ हे ध्येय जरा बाजूला सारा आणि वस्तू ओळखणं, तिचा इतिहास शोधणं, तिची काळजी घेणं हे शिकू द्या. त्यातून लिलावगृह, संग्रहालय, पुरातत्त्व खातं, खाजगी संग्रह, अशा सगळ्याच वाटा उघड्या राहतात.

आणि त्यासाठी वडोदऱ्यासारखं गाव नाही. तिच्याच विद्यापीठात ललितकला शाखेत म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग १९५२ पासून आहे, देशातल्या पहिल्यावहिल्यांपैकी. पुरातत्त्व विभाग आहे, ज्यानं देवनी मोरीचा बौद्ध स्तूप खणला. कमाटी बागेतलं संग्रहालय तर तिनं शाळेच्या सहलीत उरकलं असेल. आता परत जाऊ दे, पण एकाच दालनात, अकोट्याच्या कांस्यमूर्तींसमोर. १९५१ मध्ये आपल्या गावाच्या हद्दीतच सापडलेला हा जैन मूर्तींचा साठा. कलेतिहासाचे अभ्यासक उमाकांत शहांनी मूर्तींवर कोरलेले लेख वाचून, घडण पाहून त्यांचा काळ लावला आणि पश्चिम भारताच्या शिल्पाचा इतिहासच नव्यानं मांडावा लागला. का शक्य झालं? कुठून आल्या हे माहीत होतं म्हणून. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘पश्चिम भारत, अंदाजे दहावं शतक’ एवढ्यावर थांबलेल्या कित्येक मूर्ती असतात, कारण त्या कुठल्या मातीतून उपसल्या ते उपसणाऱ्यानं सांगितलेलं नसतं. त्या मूर्तीबद्दलचं निम्मं ज्ञान तिथेच गेलं. तिला एक गृहपाठ द्या: एक मूर्ती निवडून तिची कॅटलॉग नोंद लिहायची. माप, धातू, हातातल्या वस्तू, झीज, दुरुस्ती, लेख. मग मोठ्या लिलावगृहांच्या वेबसाइटवर जुन्या लिलावांच्या नोंदी फुकट वाचता येतात, त्यांच्याशी ताडून पाहायची. पहिली नोंद वाईटच होईल. विसावी बरी होते.

रसायनशास्त्र सोडायचं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींच्या मधे ते दिसतं. अजिबात सोडू नये. कांस्यावर क्लोराइड आणि ओल मिळून जी फिकट हिरवी भुकटी धरते, तिला ब्राँझ डिसीज म्हणतात. ती मूर्तीला आतून खाते, आणि ते थांबवणं हे रसायनाचंच काम. नव्या मूर्तीला आम्लानं जुनाट हिरवा थर चढवतात तोही पकडावा लागतो. धातूचं मिश्रण न ओरखडता तपासणारं एक्सआरएफ यंत्र, भाजलेल्या मातीचा काळ सांगणारी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी, यातलं कलाशाखेच्या मुलांना कष्टानं शिकावं लागतं. नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये जतनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तिथे विज्ञानाचे पदवीधर घेतात. लखनौला जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. माझी पसंती विचाराल तर बी.एस्सी. पुरी करावी, मग म्युझिऑलॉजी किंवा जतनशास्त्र. दोन्हींच्या प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

आणि मोडी. यावर मी हटून बसणार आहे. मराठी घरातली मुलगी, वडोदऱ्यात राहते, आणि बडोदे संस्थानाच्या जुन्या कारभाराचे कागद मोडीत आहेत. सरदार-दरकदारांच्या घरांतून निघालेली हत्यारं, चित्रं, दागिने बाजारात येतात, तेव्हा सोबतची जुनी यादी वाचणारं माणूस सापडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना घेतलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आठवते ना? तिच्या पात्यावर सोन्यानं देवनागरी लेख आहे. तो नसता तर ती एक चांगली फिरंग (युरोपी पात्याची तलवार), एवढंच राहिलं असतं. मोडी शिकायला फार काळ लागत नाही, वर्ग ऑनलाइनही चालतात. फारसी नंतर.

अन्नपूर्णेबद्दल. धातूची मूर्ती खरोखरच शंभर वर्षांपलीकडची असेल तर ती नोंदणीच्या वर्गात येते. नोंदणी झाली म्हणून सरकार मूर्ती घेऊन जात नाही, ती तुमच्याच देव्हाऱ्यात राहते. पुढे कुणाला दिली किंवा विकली तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. अमेरिकेतल्या लेकी-सुनांना मात्र प्रेमानंसुद्धा पाठवू नका. वय नक्की माहीत नसेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे दाखवा. आणि चिंच-मिठानं घासत असाल तर मीठ तरी वगळा. वर क्लोराइडचं सांगितलं, ते हेच.

उरले ते ओळखीतले गृहस्थ. पुरावस्तूंचा व्यापार करायला सरकारी परवाना लागतो. त्यांच्याकडे तो असेल आणि प्रत्येक वस्तू कुठून आली याची वही ते दाखवत असतील, तर सुट्टीत काम करायला हरकत नाही, शिकायला मिळेल. ‘एका खेड्यातून मिळाली’ एवढंच उत्तर मिळालं तर मुलीचं नाव, नंबर आणि फोन त्या फोटोंच्या जवळपासही नको. जमिनीतून निघालेली दहा रुपयांवरची वस्तूसुद्धा सरकारला कळवावी असा १८७८चा कायदा आजही आहे. चोरीच्या मूर्तीचा तपास सुरू झाला की पोलीस पहिल्यांदा जाहिरात टाकणाऱ्याच्या दारात येतात. तेव्हा उद्याच जाऊन परवाना बघायला मागा, आणि मुलीला सोबत न्या.