दहावीनंतर घरात काय बोलायचं

वहिनी, मुलगी दहावी झाली म्हणून लगेच गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) विषय काढू नका. अपेक्षा ठेवूच नये असं मी म्हणत नाही. घरच्यांचा विश्वास असला की मुलं पुढे शिकतात. पण जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २०१६ साली छापून आला. आईबापांना स्वतःलाच शक्य वाटतं त्याहून जास्त गुणांची आस जिथे धरली, तिथे मुलं गणितात मागे पडली. तेव्हा आधी तिला विचारा. फर्मागुढीला इंजिनिअरिंग आहे, तसं आल्तिनोला कला महाविद्यालयही आहे (हे नाव काढलं की आपल्याकडे लोकांची तोंडं वाकडी होतात, होऊ देत). दोन्ही तिला दाखवून आणा. आणि चतुर्थीला पाहुण्यांसमोर तिच्या टक्केवारीचा हिशेब नको. भाऊंनाही बजावून ठेवा.